फोन आडवा केला की

अँड्रॉइडचा पहिला फोन, एचटीसीचा ड्रीम, २००८ मध्ये आला. त्याचा वरचा भाग सरकवला की खालून कीबोर्ड निघायचा आणि स्क्रीन आडवा व्हायचा. वापरणाऱ्याला गंमत वाटे, ॲप मात्र मुळापासून हलत असे. अशा वेळी अँड्रॉइड चालू स्क्रीन, म्हणजे ॲक्टिव्हिटी, मोडून टाकतं आणि नवा उभा करतं. सर्व्हरकडून मागवलेली माहिती नेमकी त्याच क्षणी येऊन पोहोचली तर घ्यायची कुणी? जिने मागितली ती ॲक्टिव्हिटीच उरलेली नसे. पुढची दहाएक वर्षं अँड्रॉइडवाल्यांना या प्रश्नाने छळलं.

२००९ मध्ये अँड्रॉइड १.५ बरोबर एसिंकटास्क आला. जड काम मागच्या थ्रेडवर, निकाल मुख्य थ्रेडवर, इतका त्याचा सोपा हिशेब. मुख्य थ्रेड अडकून पाच सेकंद स्पर्शाला उत्तर मिळालं नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची सूचना झळकते. ती टाळायला हे साधन हाताशी आलं आणि झपाट्याने पसरलं. पण एसिंकटास्क जुन्या ॲक्टिव्हिटीला धरून बसायचा. फोन फिरवला की मेमरी अडकून पडे, किंवा निकाल मेलेल्या स्क्रीनवर जाऊन ॲप कोसळे. त्यात त्याची चालही बदलत राहिली: आधी कामं एकामागून एक, १.६ पासून एकाच वेळी अनेक, आणि ३.० मध्ये पुन्हा एकामागून एक.

त्याच ३.० ने, २०११ मध्ये, लोडर आणले. लोडर स्क्रीन फिरल्यावरही टिकायचा. कर्सरलोडर तर डेटा बदलला की स्वतःच पुन्हा वाचायचा. कल्पना उत्तम होती. कोड लिहिणं मात्र इतकं किचकट की अनेकांनी त्याच्या वाटेला जाणं टाळलं.

दरम्यान दुसरीकडून वारं आलं. मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या चमूने घडवलेल्या रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्सचा नेटफ्लिक्सने जावात अवतार केला आणि २०१३ मध्ये तो सर्वांना खुला केला. या आरएक्सजावात डेटा प्रवाहासारखा येतो. त्यावर गाळणी लावता येते, दोन प्रवाह जोडता येतात. अँड्रॉइडवाल्यांनी तो मनापासून स्वीकारला. स्क्रीन बंद होताना सबस्क्रिप्शन तोडायची जबाबदारी मात्र प्रोग्रामरवरच राहिली, आणि ती वारंवार विसरली जाई.

खरं वळण मे २०१७ चं. गुगलच्या आय/ओ परिषदेत व्ह्यूमॉडेल, लाइव्हडेटा आणि डेटाबेस हाताळणारं रूम ही तिन्ही एकत्र मांडली गेली. स्क्रीनचा डेटा सांभाळणारं व्ह्यूमॉडेल फिरवाफिरवीत टिकून राहतं. लाइव्हडेटा फक्त सक्रिय स्क्रीनलाच नवं मूल्य कळवतो आणि स्क्रीन संपला की आपणहून सुटतो. रूममधून लाइव्हडेटा घेतला, की टेबलात ओळ बदलताच क्वेरी पुन्हा चालते. त्यामुळे रिफ्रेशचा अर्थच बदलला: नेटवर्कवरून आलेलं उत्तर थेट स्क्रीनला न देता डेटाबेसमध्ये लिहायचं, पाहणारे आपोआप पाहतील. नेटवर्क गेलं तरी साठवलेली यादी समोर राहते. या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

दोष यातही निघाले. लाइव्हडेटा नव्या निरीक्षकाला शेवटचं मूल्य लगेच देतो. यादीसाठी ते छान. पण ‘जतन करता आलं नाही’ असा एकदाच दाखवायचा संदेश फोन फिरवताच पुन्हा उगवायचा. त्याच्याच पोस्टव्हॅल्यूने घाईघाईत अनेक मूल्यं पाठवली, तर मधली गळून फक्त शेवटचं पोहोचतं, हेही अनेकांना बग शोधतानाच कळलं.

२०१८ मध्ये लोडर आणि २०२० मध्ये एसिंकटास्क कालबाह्य ठरवले गेले. ॲपलने २०१९ मध्ये स्विफ्टयूआय आणि कम्बाइन आणून डेटा बदलला की स्क्रीन आपोआप बदलण्याचा हाच मार्ग धरला. अँड्रॉइडवर कॉटलिन भाषेचा फ्लो २०१९ मध्ये स्थिरावला, पाठोपाठ स्टेटफ्लो आला, आणि जुलै २०२१ मध्ये स्क्रीन घडवणाऱ्या जेटपॅक कंपोजची पहिली स्थिर आवृत्ती. स्टेटफ्लो लाइव्हडेटाची जागा घेऊ लागला, पण स्क्रीन दिसतो आहे की मागे गेला आहे हे त्याला स्वतःहून कळत नाही. म्हणून त्याच वर्षी लाइफसायकल लायब्ररीच्या २.४ आवृत्तीत रिपीटऑनलाइफसायकल द्यावं लागलं: स्क्रीन मागे गेला की ऐकणं थांबवायचं, पुढे आला की पुन्हा सुरू करायचं.