मिसरूड फुटलं, पण मेंदू अजून घडतोय

पोरगं १८ वर्षांचं झालं, बापाच्या खांद्याला लागलं, की आपण म्हणतो, आता शहाणं झालं. पण उंची वाढायची थांबली तरी मेंदूची घडण साधारण २५ वर्षांपर्यंत चालू असते.

सगळ्यात शेवटी पक्का होतो तो कपाळामागचा भाग. मन आवरणं, पुढचा विचार करणं हे त्याचं काम. मौज मागणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. म्हणून ‘एकदा खाऊन बघ’ म्हटलं की हात पटकन पुढे होतो. तंबाखू, मावा, सिगारेट यांतलं निकोटीन अशा घडत्या मेंदूला लवकर चटक लावतं. दारू-गांजाचा परिणाम लक्षावर आणि आठवणीवर होतो. मुलींचंही तेच, मशेरीतही तंबाखूच असते.

म्हणून सुरुवात जितकी लांबेल तितकं बरं. मुलांना टपरीवर तंबाखू आणायला पाठवू नका. १८ वर्षांखालच्यांना ती विकणं गुन्हा आहे. सवय लागलीच असेल तर मारू नका, चारचौघांत टाकून बोलू नका, शांतपणे विचारा. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर व्यसनांसाठी १४४४६ हे सरकारी मोफत फोन आहेत. मेंदू अजून घडतोय, म्हणजे सावरायलाही वाव आहे.