होम की प्रो? एकाच प्रणालीची दोन रूपे

शाळेसाठी संगणक घ्यायचा ठरला, की दुकानदाराच्या दरपत्रकात 'विंडोज ११ होम' आणि 'विंडोज ११ प्रो' असे दोन पर्याय दिसतात. 'प्रो' महाग असते. जे महाग ते अधिक वेगवान, असे आपण सहज मानतो. हा समज कितपत बरोबर आहे?

एके काळी असा फरक मुळातच होता. १९९५ साली आलेली विंडोज ९५ एमएस-डॉसच्या पायावर उभी होती. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० चा गाभा मात्र वेगळा, कार्यालयीन कामासाठी लिहिलेला होता. २००१ साली विंडोज एक्सपीची 'होम' व 'प्रोफेशनल' ही दोन्ही रूपे एनटीच्याच गाभ्यावर बेतली गेली. आजही होम आणि प्रो यांचा गाभा एकच आहे. त्यामुळे त्याच यंत्रावर प्रो घातले म्हणून काम झपाट्याने होत नाही. सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही दोघांना मिळतात.

मग जादा पैसे कशाचे? वाड्यात खोल्या सगळ्या बांधलेल्या असाव्यात, पण काहींना कुलूप असावे, तसे हे आहे. होम असलेल्या संगणकात प्रोचा परवाना-क्रमांक भरला, की प्रणाली पुन्हा नव्याने न बसवताही यंत्र प्रो होते.

कुलूपबंद खोल्यांपैकी शाळेच्या उपयोगाच्या तीन आहेत. पहिली, अनेक संगणक एका सर्व्हरला जोडून सर्वांचे नियम एकाच जागेवरून ठरवणे. दुसरी, दूरच्या संगणकावरून आपला संगणक चालवणे. होममधून दुसऱ्या यंत्रात शिरता येते, पण होम असलेल्या यंत्रात या सोयीने शिरता येत नाही. तिसरी, 'बिटलॉकर'. यामुळे डिस्कवरील सर्व माहिती सांकेतिक रूपात राहते. होममध्येही योग्य यंत्रावर याची साधी आवृत्ती मिळते, पण तिच्यावरील नियंत्रण मर्यादित असते.

होमला १२८ गिगाबाइट स्मृती चालते, प्रोला २ टेराबाइट. शाळेतल्या संगणकाला सहसा ८ किंवा १६ गिगाबाइट स्मृती असते, तेव्हा या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही.

आता निवड सोपी होते. चार-पाच सुटे संगणक असतील आणि त्यांवर टंकलेखन, चित्रे, इंटरनेट एवढेच चालत असेल, तर होम पुरे. वीस संगणकांची प्रयोगशाळा सर्व्हरला जोडून एकच शिक्षक सांभाळणार असेल, तर प्रो हवे. ज्या लॅपटॉपवर विद्यार्थ्यांचे पत्ते, गुण, जन्मतारखा आहेत, त्याचा विचार वेगळा करावा. तो चोरीला गेला, तर डिस्क काढून कोणीही ती माहिती वाचू शकतो. बिटलॉकर असेल तर नाही. मात्र बिटलॉकरचा ४८ अंकी क्रमांक कागदावर लिहून शाळेच्या कपाटात ठेवावा. तो हरवला आणि यंत्राने मागितला, तर आपली माहिती आपल्यालाही मिळणार नाही!

शंका असेल तेव्हा होम घ्यावे. होमवरून प्रोवर नंतर जाता येते. उलट जायचे तर सहसा सारे पुसून नव्याने सुरुवात करावी लागते. शिवाय संस्थांसाठी 'एज्युकेशन' नावाचे रूपही आहे, त्याची चौकशी जरूर करावी.

आपल्या शाळेत कोणते रूप आहे? 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टीम' व त्यातील 'अबाउट' उघडून विद्यार्थ्यांना ते शोधू द्या. मग वरीलपैकी कोणती खोली आपण खरोखर वापरतो, याची यादी त्यांच्याकडूनच करून घ्या. पुढच्या खरेदीच्या वेळी ती उपयोगी पडेल.