अक्कलदाढ: काढायची की राहू द्यायची?

गालावर हात ठेवून हा एपिसोड ऐकत असाल, तर तो तुमच्यासाठीच आहे. हेडफोन घरी राहिलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप. एक गोष्ट आधीच सांगतो, मी कोड लिहिणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. तपासणीला पर्याय म्हणून हे वाचू नका. पण तपासणीला गेल्यावर डॉक्टर काय बोलतायत ते तुम्हाला कळावं, एवढा हेतू नक्की आहे.

नावापासून सुरू करू. अक्कल हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला, आणि अरबीतही या दाढेला अकलेचीच दाढ म्हणतात. जपानी लोक तिला 'ओयाशिराझु' म्हणतात, म्हणजे आईबापाला पत्ता नसलेली. कोरियात तर ती प्रेमाचा दात! सगळ्यांचा रोख वयाकडे आहे. साधारण 17 ते 25 मध्ये ही दाढ येते. म्हणजे बारावी, कॉलेज, स्पर्धा परीक्षा, पहिली नोकरी, सगळं चालू असतानाच.

दुखतं कशामुळे? मागे जागा नसते म्हणून. दाढ सरळ वर यायच्या ऐवजी पुढच्या दाढेवर कलते आणि अर्धीच बाहेर येते. उरलेल्या अर्ध्या भागावर हिरडीची एक झडप राहते. तिच्याखाली भाकरीचा कण, शेंगदाण्याचा कूट काहीही जाऊन बसतं. ब्रश तिथं पोचत नाही, जंतू वाढतात, हिरडी सुजते. मग वरची दाढ त्याच सुजेवर चावते आणि सूज आणखी वाढते. तोंड उघडेना, घास गिळवेना. चार-पाच दिवसांनी ओसरतं, आपण विसरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत तेच.

आणि आपण नेमकं काय करतो? मेडिकलमध्ये जाऊन 'दाढेची गोळी द्या' म्हणतो. गोळीनं दुखणं थांबतं, पण झडपेखालची घाण तिथंच. ती जागा नीट धुऊन साफ करणं हा खरा उपचार आहे, आणि ते दंतवैद्याचं काम. ताप नाही, सूज पसरलेली नाही, तर अनेकदा अँटिबायोटिक लागतसुद्धा नाही. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या खाऊन पोट बिघडतं ते वेगळंच. लवंगेनं थोडा वेळ बधिरपणा येतो, ते खरं आहे. पण अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायचा उद्योग करू नका, कातडी भाजते.

आपल्या खटाव, माण, खानापूर, आटपाडीकडची किती पोरं गलाईच्या कामाला देशभर पसरलीत. परगावी दाढ दुखली की 'जत्रेला गावी गेल्यावर बघू' म्हणून ढकलायचं, ही आपली सवय. तेवढ्या काळात अडकलेल्या दाढेमागं पुढची चांगली दाढ किडते. मला यात हेच जास्त वाईट वाटतं. बिनकामाची दाढ सांभाळता सांभाळता रोज घास चावणारी दाढ जाते.

मग दिसली दाढ की काढ, असं करायचं का? तसंही नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, चालणाऱ्या कोडला हात लावू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2000 साली जवळपास हेच सांगितलं, काही त्रास किंवा आजार नसेल तर अडकलेली अक्कलदाढ उगाच काढू नये. पण लक्ष ठेवायला पाहिजे. वारंवार सूज, कीड, पुढच्या दाढेला धोका, गाठ, यातलं काही दिसलं तर मात्र काढलेली बरी. आणि काढायचीच असेल तर विशीत काढणं सोपं. तेव्हा मुळं पूर्ण वाढलेली नसतात, हाड थोडं लवचीक असतं, जखम लवकर भरते.

त्यासाठी ओपीजी नावाचा पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतात. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठ आणि हनुवटीची जाणीव तिच्यामुळे. मुळं तिच्या किती जवळ आहेत ते त्यात दिसतं. दाढ काढल्यावर काहींचा ओठ बधिर राहतो. बहुतेकांची जाणीव काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येते, अगदी थोड्यांची येत नाही. मुळं नसेला फारच चिकटलेली असतील तर कधी कधी फक्त वरचा भाग कापून मुळं आत ठेवतात. 'माझी नस किती जवळ आहे?' हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आडवी दाढ असेल तर वडूजहून कराड किंवा सांगली गाठावी लागू शकते. कराडला कृष्णाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी मुखशल्यचिकित्सेचा वेगळा विभाग असतो आणि खर्चही खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. वेळ मात्र हातात ठेवून जा.

प्रत्यक्ष काढताना सुई टोचते, तेवढंच. मग दाब जाणवतो, आवाज येतो, पण दुखत नाही. गरज पडली तर हिरडी उघडून, थोडं हाड घासून, दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा घाबरू नका. जखमेत रक्ताची गुठळी बसते, तीच तिचं झाकण. स्ट्रॉनं ओढणं, जोरात थुंकणं, सिगारेट, तंबाखू यानं गुठळी निघते, हाड उघडं पडतं, आणि मग तिसऱ्या दिवशी कानापर्यंत ठणकतं. पहिले दोन दिवस ताक-भात, मऊ खिचडी, गार करून. मिठाच्या कोमट पाण्यानं हलक्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून.

'दाढ काढली की नजर जाते' हे घरोघरी ऐकू येतं. दातांची जाणीव नेणारी नस आणि दिसण्याची नस वेगवेगळ्या आहेत. नजरेचा संबंध नाही. आजीला हे समजावून सांगा, प्रेमानं.

आता एक गंभीर गोष्ट. तोंड कमी उघडतंय म्हणजे अक्कलदाढच, असं धरून चालू नका. दाढेमुळे ते दोन-चार दिवसांत होतं आणि उतरतं. पण मावा-सुपारी खाणाऱ्याचं तोंड महिन्यामहिन्यानं, गुपचूप आखडत जातं. तिखट झोंबायला लागतं, गाल आतून कडक होतात. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, पण मावा कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात नसतील तर दाखवून या.

आणि सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, ताप आला, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर सकाळची वाट बघू नका. हा संसर्ग श्वास अडवू शकतो. 108 ला फोन लावा आणि रात्रीच हॉस्पिटल गाठा.