हळदीच्या शिवारात गजकर्ण

हिंगोली जिल्ह्यातलं हट्टा हे वसमतच्या हळदपट्ट्यातलं गाव. पावसाळ्यात हळदीत खुरपायला उतरलं की पाय दिवसभर चिखलात आणि अंगावरचे कपडे घामाने ओलेचिंब. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आणि जांघेत, कमरेवर गजकर्ण उठायला एवढं पुरतं. औषधही घरातच असतं, खोबरेल तेलात कालवलेली हळद. ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ मध्ये, हळदीच्या लेपावरचा भरवसा त्याच्या किती तरी आधीचा.

तो भरवसा अगदीच पोकळ नाही. गजकर्ण होतं बुरशीमुळे, आणि हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत बुरशीची वाढ रोखतं. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि कातडीत फारसं मुरत नाही. हळदीचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या पुढाकाराने रद्द झालं, ते जखम भरण्याबद्दलचं होतं. गजकर्णाचा त्यात प्रश्नच नव्हता.

बांधावरच्या टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायची रीतही जुनी. टाकळ्यात असतात तशाच जातीच्या द्रव्यांची ‘गोवा पावडर’ एकोणिसाव्या शतकात डॉक्टरही नायट्यावर वापरत. ती मूळची ब्राझीलच्या झाडातली. गुण यायचा, पण कातडी भाजायची आणि कपड्यांवर डाग पडायचे. लसूण ठेचून बांधला तरी कातडी भाजतेच.

गजकर्ण नीट पाहिलं तर कड लालसर, उचललेली, कोंडा सुटणारी दिसते. मधला भाग निवळलेला असतो. बुरशी कातडीतलं केराटिन खात बाहेर सरकते, म्हणून औषध कडेच्या दोन सेंटिमीटर पलीकडेपर्यंत लावायचं.

खरा घात होतो मेडिकलवरून मागून आणलेल्या ट्यूबने. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत स्टिरॉइड असेल तर दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी हातपाय पसरते. चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरही चकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टिरॉइड मलमांच्या बिनचिठ्ठी विक्रीला चाप लावला, तरी ‘तीच ट्यूब द्या’ हे मागणं सुटलेलं नाही. त्यात टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशीही आली. २०२० मध्ये तिला भारताच्याच नावावरून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ म्हटलं गेलं.

घरात करण्यासारखं तरीही बरंच आहे. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचकी कोरडी पुसावीत. टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा ठेवावा, आतले कपडे सुती आणि सैल घालावेत, धुतलेले कपडे कडक उन्हात वाळवावेत. घरात दोघांना चट्टे असतील तर दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मलम चालू ठेवावं. लहान मुलाच्या डोक्यात चट्टा असेल तर पोटातूनच औषध लागतं. नखं पिवळी, जाड झाली असतील किंवा मधुमेह असेल, तर लेपाच्या भरवशावर न राहता दवाखाना गाठावा. जाताना आधी लावलेली ट्यूब सोबत न्यावी, म्हणजे तिच्यात काय होतं ते डॉक्टरांना कळतं.