सुईचा अहवाल चांगला आला, आता पुढे?

थायरॉइडच्या गाठीतून सुईने पेशी काढल्या, पॅथॉलॉजिस्टचा अहवाल आला आणि त्यात ‘बेथेस्डा श्रेणी २’ असं दिसलं, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सुटलो, फाइल माळ्यावर टाका. दुसरा म्हणतो, गाठ ती गाठच, एकदाची काढून टाका. बहुतेक वेळा दोन्ही पक्ष चुकतात. पुढे काय करायचं याचं उत्तर या अहवालात फारसं नसतंच; ते सुईच्या आधी केलेल्या सोनोग्राफीत असतं आणि नेमका तोच कागद लोक विसरतात.

आधी या श्रेणीबद्दल. २००७ साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे तज्ज्ञ जमले आणि थायरॉइडच्या एफएनएसीचे, म्हणजे या सुईच्या तपासणीचे, अहवाल सगळीकडे एकाच पद्धतीने लिहिले जावेत म्हणून त्यांनी सहा श्रेणी ठरवल्या. श्रेणी २ म्हणजे साधी, कर्करोग नसलेली गाठ. श्रेणी १ म्हणजे निदान करण्याइतक्या पेशीच मिळाल्या नाहीत. ‘काही निघालं नाही’ असं सांगत येणाऱ्यांच्या हातात कधी कधी हाच अहवाल असतो. ती सुटका नव्हे. सुई बहुधा पुन्हा घालावी लागते. तेव्हा श्रेणीचा आकडा स्वतः वाचावा.

श्रेणी २ मध्येही चुकण्याला थोडी जागा उरते. सुई गाठीच्या एखाद्या कोपऱ्यातूनच पेशी उचलते. अशा गाठींवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तर शंभरातल्या एक-दोन पुढे कर्करोगाच्या निघतात. या एक-दोन कुठल्या असू शकतील, याचा अंदाज सोनोग्राफी देते. गाठ आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट दिसते आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण आहेत का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, हे रेडिओलॉजिस्ट पाहतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१५ साली दिलेला सल्ला यावरच उभा आहे. चित्र फार संशयास्पद असेल, तर सुई चांगली निघूनही वर्षाच्या आत सोनोग्राफी आणि सुई दोन्ही पुन्हा करायच्या. संशय कमी किंवा मध्यम असेल, तर १२ ते २४ महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ स्पंजासारखी सच्छिद्र दिसत असेल, तर करायचीच झाली तर दोन वर्षांनंतर. म्हणजे श्रेणी २ मिळालेल्या दोन शेजारणींना वेगवेगळ्या तारखा मिळाल्या, म्हणून एकीचा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही.

मग येतो वाढीचा प्रश्न. गेल्या वर्षी १८ मिलिमीटर होती, आता १९ आहे, आणि रात्रीची झोप उडते. खरं तर सोनोग्राफी करणारा हात बदलला तरी एवढा फरक पडतो. वाढ म्हणायची, तर तीनपैकी किमान दोन मापं प्रत्येकी २० टक्क्यांनी वाढायला हवीत, आणि तीही निदान २ मिलिमीटरने. किंवा एकूण घनफळ निम्म्याहून अधिक वाढायला हवं. तशी वाढ दिसली किंवा चित्रात नवं संशयास्पद लक्षण आलं, तर पुन्हा सुईचा विचार होतो.

खरी वाढ झाली तरी ती कर्करोगाचीच असते असं नाही. इटलीतल्या आठ केंद्रांनी ९९२ रुग्णांच्या साध्या गाठी पाच वर्षं पाहिल्या आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. सुमारे १५ टक्के रुग्णांच्या गाठी वाढल्या, १८ टक्क्यांच्या तर लहान झाल्या. मूळ गाठींपैकी फक्त पाच कर्करोगाच्या निघाल्या आणि त्या पाचांतल्या दोनच वाढलेल्या होत्या. मला यातला शेवटचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. आपण फूटपट्टी घेऊन बसतो, आणि धोका मात्र गाठीच्या रूपात दडलेला असतो.

थांबायचं कधी, हेही ठरलेलं आहे, पण ते रुग्णाला क्वचितच सांगितलं जातं. त्याच गाठीची दुसरी सुईही श्रेणी २ आली, तर कर्करोगाच्या भीतीपोटी तिची सोनोग्राफी करत राहण्याची गरज उरत नाही. तरीही हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती दरवर्षी होत राहते. दक्षिण कोरियात अशा हौशी तपासण्यांचा पूर आला, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान सुमारे पंधरा पटींनी वाढलं. त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो गळे कापले गेले आणि हजारोंच्या नशिबी जन्मभराची गोळी आली.

गोळीवरून आठवलं. गाठ विरघळावी म्हणून थायरॉक्सिन देण्याची रीत जुनी आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, वाढलेलं असेल तर गोळी लागू शकते. पण ते नॉर्मल असताना केवळ गाठीसाठी ती घेत राहण्याचा सल्ला आता दिला जात नाही. हृदयाचे ठोके बिघडणं आणि हाडं ठिसूळ होणं ही त्याची किंमत असते.

साध्या गाठीचंही ऑपरेशन लागू शकतं, पण कारण वेगळं. घास अडकतो, आडवं झाल्यावर श्वास कोंडतो, किंवा गळा दिसायला खटकतो. चार सेंटिमीटरच्या पुढच्या गाठींत सुईवर किती विसंबायचं, यावर सर्जनांमध्येच मतभेद आहेत. तिथे दुसरं मत घेण्यात संकोच नको. पाण्याने भरलेली गाठ पुन्हा पुन्हा फुगत असेल तर अल्कोहोलचं इंजेक्शन, भरीव गाठ त्रास देत असेल तर रेडिओलहरींनी ती आतून जाळण्याचा उपचार, असे पर्यायही आता आहेत.

डॉक्टरांकडून उठण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात : सोनोग्राफीतला संशय कुठल्या पातळीचा, पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, आणि ती शेवटची असेल का. लहानपणी मानेला रेडिएशन दिलं असेल किंवा जवळच्या नात्यात थायरॉइडचा कर्करोग असेल, तर ते न विचारताही सांगावं. आणि आवाज घोगरा होऊन तसाच राहिला, मानेत बाजूला नवी गाठ लागली, किंवा जुनी काही आठवड्यांत भराभर वाढून टणक झाली, तर लिहिलेली तारीख विसरून लगेच जावं; सोबत जुन्या फिल्म न्याव्यात, नुसता अहवाल नव्हे.