जुन्या बुलेट-राजदूतचे पार्ट घरीच रंगवताय? टाकी बाहेर द्या, बाकी घरी करा

कोन (ता. भिवंडी) : कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन गाव लागतं. या खाडीकाठच्या पट्ट्यात पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांच्या, आजोबांच्या काळातली बुलेट, राजदूत, येझदी नाहीतर आरएक्स १०० ताडपत्रीखाली उभी असते. इंजिन चालू होतं, पण मडगार्ड गंजलेलं आणि रंग पोपडे धरलेला. मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले की वाटतं, आपणच रंगवू की!

रंगवा, जरूर रंगवा. मडगार्ड, साइड बॉक्स, स्टँड, हेडलाइटचा डबा, चेन कव्हर हे पार्ट घरी चांगले होतात. मात्र पेट्रोलची टाकी आणि हार्डनरवाला पीयू रंग घरी करायचं काम नाही. तिथे रंग बिघडण्याचा नाही, जिवाचा प्रश्न असतो. का ते खाली सविस्तर पाहू.

खोलण्याआधी फोटो आणि मापं

पार्ट सुटे करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. टाकीवरच्या रेघांची रुंदी, कडेपासूनचं अंतर, मोनोग्राम कुठे आहे हे पट्टीने मोजून लिहून ठेवा. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा कारखान्यात हाताने मारल्या जायच्या. एकदा घासून काढल्या की माप सांगणारं कुणी उरत नाही. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ मध्ये बंद पडली, आरएक्स १०० चं उत्पादनही त्याच वर्षी थांबलं. त्यामुळे मूळ पार्ट टाकून नवा आणू असं इथे चालत नाही. जुना पत्रा जाड आणि चांगला असतो, तो वाचवण्यातच फायदा आहे.

मूळ रंग बऱ्यापैकी शाबूत असेल तर आधी फक्त धुऊन, कंपाउंड मारून बघा. जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये कंपनीच्या मूळ रंगाला नव्या रंगापेक्षा जास्त किंमत असते.

कागदपत्रांचं आधी बघा

आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. तोच रंग मारणार असाल तर प्रश्न नाही. वेगळा मारायचा असेल तर आधी आरटीओत विचारून नोंद बदलून घ्या. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि पुढे दर ५ वर्षांनी तेच करावं लागतं. त्या तपासणीत आरसी आणि गाडी जुळली पाहिजे.

बुलेटवाल्यांना मिलिटरीचा हिरवा रंग फार आवडतो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलाच्या गाड्यांसाठी आहे. तो मारू नका.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवर ग्राइंडर, वायर ब्रश किंवा पुट्टी अजिबात नको. त्यावर आधीच टेप लावा. चेसिस सँड ब्लास्टिंगला देणार असाल तर तिथल्या माणसाला नंबर दाखवून ठेवा. नंबर पुसट झाला तर गाडी कितीही चकचकीत असो, कागदावर ती अडकते.

गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांच्या वर असेल तर २०२१ पासून ‘विंटेज’ नोंदणीची सोय आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती १० वर्षं चालते. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. मात्र विंटेज नंबरची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. राजदूतवर अजून दुधाचे कॅन नेत असाल तर ही नोंदणी तुमच्यासाठी नाही.

गंज झाकत नाही, तो काढावा लागतो

गंजावर सरळ रंग मारला तर पहिल्या पावसातच फोड येतात. रंगाखाली गंज ओलावा धरून ठेवतो आणि आतल्या आत पसरतो. खाडीच्या हवेत हे आणखी लवकर होतं. म्हणून वेळेचा मोठा वाटा घासण्यात जातो, तो जाऊ द्या.

आधी रॉकेल किंवा डिझेलने ग्रीस काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. जाड गंजासाठी ८० किंवा १२० नंबरचा पेपर, नंतर २४० आणि शेवटी ४०० नंबरचा वॉटर पेपर. छोटे पार्ट सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवता येतात. एक लिटर पाण्याला ५० ते १०० ग्रॅम पावडर आणि काही तास पुरतात. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. ॲल्युमिनियमचे आणि क्रोमचे पार्ट यात टाकू नका. संडास साफ करायचं ॲसिडही नको. त्याच्या वाफेने शेडमधली बाकीची हत्यारंसुद्धा गंजतात.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम असा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला. गाड्यांवरचे जुने रंग त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा. लहान मुलांना लांब ठेवा आणि खाली पडलेला गाळ झाडू न मारता ओल्या फडक्याने उचला. ब्रेक ड्रमवरची धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. तिथेही ओलं फडकंच वापरा.

उघडा झालेला पत्रा दमट हवेत काही तासांत पुन्हा लालसर होतो. त्यामुळे घासलं त्याच दिवशी प्रायमर मारा. पत्र्याला उघडा हात लावू नका, घामाचे डाग रंगाखाली उमटतात.

एकाच जातीचा माल घ्या

इथे बरेच जण फसतात. साध्या रेड ऑक्साइड प्रायमरवर एनसी रंग मारला की त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. प्रायमर, रंग, थिनर आणि क्लिअर एकमेकांना चालणारे आहेत का हे दुकानात विचारूनच घ्या. आधी एखाद्या टाकाऊ पत्र्यावर मारून बघा.

पुट्टी पातळच लावा. खोल पोचा असेल तर आधी डेंटरकडून पत्रा सरळ करून घ्या. जाड पुट्टी गाडीच्या हादऱ्याने तडकते.

स्प्रे कॅन असो की गन, अंतर साधारण २० ते २५ सेंटिमीटर ठेवा. हात सरळ रेषेत फिरवा आणि सुरुवात पार्टच्या बाहेरून करा. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ हात बरे. दोन हातांच्या मध्ये १० ते १५ मिनिटं थांबा, डब्यावर वेगळी वेळ दिली असेल तर ती पाळा.

सायलेन्सरला साधा रंग चालत नाही, जळून जातो. त्यासाठी उष्णता सहन करणारा वेगळा रंग मिळतो. बोल्टचे आटे, एक्सल, फोर्कच्या सरकत्या नळ्या, ब्रेक ड्रमची आतली बाजू आणि वायरिंगची अर्थ जोडतात ती जागा रंगवू नका. अर्थच्या जागी रंग बसला की हॉर्न आणि लाइट नाटकं करतात.

पावसाळ्यात थांबा

पावसाळ्यात मारलेला रंग कधी कधी दुधाळ दिसतो. थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात पांढरट झाक येते. आपल्या भागात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. दव वाळल्यावर, सकाळी दहानंतर काम सुरू करा आणि संध्याकाळची दमट हवा सुटायच्या आत संपवा.

टाकी आणि पीयू घरी का नको?

पेट्रोल काढून टाकलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. आत वाफ उरते आणि हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास असली तरी ती पेट घेते. अशा टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग म्हणजे बॉम्बच. एकदा धुतली म्हणून वाफ गेली असं समजू नका. शिवाय साध्या स्प्रे कॅनचा रंग टाकीवर टिकत नाही, पेट्रोल सांडलं की मऊ पडतो. तिथे पीयूच लागतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोडासा संपर्कही झटका आणतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-९५ मास्क ही वाफ अडवत नाही. त्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि स्प्रे बूथ लागतो. म्हणून टाकी अशी सोय असलेल्या पेंटरकडेच द्या. चेसिस आणि स्टँडसाठी पावडर कोटिंगही टिकाऊ असतं. ते साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत होतं, त्यामुळे देण्याआधी रबर बुश आणि बेअरिंग काढून घ्या.

साधा रंग मारतानाही थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. शेड घराला लागून असेल तर ती चुलीपर्यंत, गॅसपर्यंत, देवघरातल्या दिव्यापर्यंत पोचते. फ्रीज किंवा पाण्याच्या पंपाच्या बटणाची ठिणगीही पुरते. म्हणून काम उघड्यावर किंवा दोन्ही बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये करा, विडी-सिगारेट लांब ठेवा आणि वाफ अडवणारा कार्ट्रिजचा मास्क वापरा. उरलेला थिनर गटारात किंवा खाडीत ओतू नका. बाटलीत झाकण लावून ठेवा, गाळ खाली बसला की वरचा थिनर ब्रश धुवायला चालतो.

जोडायची घाई नको

हाताला कोरडा लागला तरी रंग आतून पक्का व्हायला काही दिवस घेतो. लगेच बोल्ट आवळले की वॉशरखाली रंग चुरगळतो आणि तिथूनच पुन्हा गंज सुरू होतो. आठवडाभर पार्ट सावलीत टांगून ठेवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे चिखल उडतो, तिथे रंगाचा एक जादा हात मारा. गंजाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.