एकोणचाळीस डॉलर साठ सेंट

फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) या चित्रपटात शेवटाकडे एक हिशेब येतो. नोकरी गेलेला वार्ताहर पीटर, म्हणजे क्लार्क गेबल, नायिकेच्या धनाढ्य बापापुढे उभा आहे. पळून गेलेली मुलगी शोधून देणाऱ्याला बापाने दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलेलं. पीटर ते मागत नाही. तो मागतो ३९ डॉलर ६० सेंट, आणि तपशीलवार मागतो: रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४, तीन शर्ट ४.५०. पेट्रोलसाठी या वस्तू त्याला विकाव्या लागल्या होत्या. सारी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपसूक पेन्सिलीकडे जातो. बेरीज बरोबर येते. मुलीवर आपलं प्रेम आहे हे तो नंतर, बापाने फारच पिच्छा पुरवल्यावर, चिडून कबूल करतो.

हॉलिवूडच्या त्या काळातल्या प्रेमपटांना ‘स्वप्नांचा बाजार’ म्हणून नाक मुरडणारी मंडळी आहेत. त्यांना मी हा हिशेब ऐकवतो. ग्रेटा गार्बोचा चेहरा, तो चंदेरी प्रकाश, ते व्हायोलिनचे सूर हे सगळं आहेच. कोण नाही म्हणतो? पण नव्वद वर्षांनीही हे चित्रपट जुने वाटत नाहीत, याचं मला सापडलेलं कारण जरा रुक्ष आहे. त्यातल्या चांगल्या चित्रपटांत प्रेमात पडलेल्या माणसांच्या खिशात किती पैसे आहेत, हे प्रेक्षकाला नेमकं ठाऊक असतं.

काळच तसा होता. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. मार्च १९३३ मध्ये रूझवेल्टने सत्तेवर येताच देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या. तिकिटाचे पैसे मोजून थिएटरात बसलेल्या माणसाला घरभाडं थकणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नव्हतं. म्हणून बसमध्ये नायिका चॉकलेटचा डबा घ्यायला निघते तेव्हा पीटर विक्रेत्याला परत पाठवतो आणि तिच्या उरलेल्या पैशांचं बजेट ठरवून टाकतो. रात्री दोघांसाठी मिळून एकच खोली. मध्ये दोरीवर टाकलेली घोंगडी, अलीकडे तो, पलीकडे ती. पडद्यावरचा हा अतिशय गाजलेला शृंगार ओढाताणीच्या प्रवासातून जन्मला आहे. आपल्याकडे ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है कि मानता नहीं’ (१९९१) याच कथेवर निघाले. दोन्ही गोड आहेत. पण मला त्यांतली गाणी आठवतात, हिशेब आठवत नाही.

चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ (१९३१) मध्ये आंधळ्या फुलवालीचं थकलेलं भाडं आहे २२ डॉलर. भटक्याला दारूच्या नशेतला लक्षाधीश हजार डॉलर देतो. शुद्धीवर आला की हाच लक्षाधीश त्याला ओळखतही नाही. भटक्या ते पैसे मुलीच्या हातात मोजून ठेवतो आणि एक नोट हळूच स्वतःच्या खिशात घालतो. ती त्याच्या हाताचं चुंबन घेते. तो ओशाळतो आणि तीही नोट देऊन टाकतो. शेवटच्या प्रसंगाबद्दल, दृष्टी आलेली मुलगी त्याला हाताच्या स्पर्शाने ओळखते त्याबद्दल, पुष्कळ लिहिलं गेलं आहे. माझा जीव त्या एका नोटेत अडकतो.

आणि मग लिओ मॅकेरीचा ‘मेक वे फॉर टुमॉरो’ (१९३७). याला प्रेमपट म्हणावं का, असा प्रश्न पडेल; मी म्हणतो. बार्क आणि ल्युसी कूपर हे सत्तरीच्या आसपासचं जोडपं. बार्क हिशेबनीस होता, आता काही वर्षं काम नाही. कर्जाचे हप्ते थकतात, बँक घर घेते. पाच मुलं, पण दोघांना एकत्र ठेवून घ्यायला एकाच्याही घरात जागा नाही. आई एका मुलाकडे, वडील दूर एका मुलीकडे.

मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा वसुलीच्या टेबलावर होतो. थकबाकीदाराच्या घरी गेलं की नवरा बोलतो, बायको चहा ठेवते, आणि आपण फायलीतले आकडे वाचून दाखवतो. ती दोघं पुढे कुठे राहायला जाणार, यासाठी त्या फायलीत रकाना नव्हता. मॅकेरीचा अख्खा चित्रपट त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ चा, पण त्याखालचं मासिक निवृत्तिवेतन सुरू झालं १९४० मध्ये. कूपर दांपत्य नेमकं मधल्या फटीत सापडलेलं. दर महिन्याला पेन्शन जमा झाल्याचा संदेश फोनवर येतो तेव्हा मला हे दोघे हमखास आठवतात.

वडिलांना प्रकृतीसाठी आणखी एका मुलीकडे, कॅलिफोर्नियाला पाठवायचं ठरतं. आईची रवानगी वृद्धाश्रमात. हे नवऱ्याला कधीही कळू द्यायचं नाही, एवढं एकच ती मुलाकडे मागते. गाडी सुटण्यापूर्वी त्यांना न्यूयॉर्कमध्ये एक दुपार मिळते. पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्राला उतरले होते त्याच हॉटेलात जातात. नाचायला उभे राहतात तर बँडवर नवी, धावती चाल. दोघं गोंधळून थबकतात. वाद्यवृंदाचा प्रमुख ते पाहतो आणि न सांगता वॉल्ट्झ सुरू करतो. मुलं तिकडे जेवणावर वाट पाहत असतात; बार्क फोन करून कळवतो, आम्ही येत नाही. ल्युसीचं काम करणारी ब्यूला बाँडी तेव्हा जेमतेम ४८ वर्षांची होती, हे सांगूनही खरं वाटत नाही.

स्टुडिओला शेवट गोड हवा होता. मॅकेरीने तो बदलला नाही. चित्रपट पडला. त्याच वर्षीच्या ‘द ऑफुल ट्रूथ’ या खेळकर चित्रपटासाठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा हे पारितोषिक तुम्ही चुकीच्या चित्रपटाला दिलंत, असं तो म्हणाला.

फलाटावर दोघंही लवकरच भेटायच्या गोष्टी करतात. बार्क तिकडे नोकरी शोधणार, तिला बोलावून घेणार. मग तो म्हणतो, समजा भेट नाहीच झाली तर म्हणून सांगून ठेवतो. आणि तिला तिच्या लग्नाआधीच्या आडनावाने संबोधून, ओळख झाली याचा फार आनंद वाटला, असं सांगतो. गाडी हलते. खिडकीच्या काचेआड तो काहीतरी बोलतो आहे. ती हात हलवते, गाडी गेल्यावर क्षणभर तशीच उभी राहते आणि मग तोंड फिरवते.